सातचं निम्मं : दुसरीच्या वर्गातलं माझं पहिलं वर्ष

संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, आमच्या शाळेतलं एक पद कमी झालं आणि जून २०२४ मध्ये समायोजनाच्या, म्हणजे जादा ठरलेल्या शिक्षकांना दुसऱ्या शाळेत पाठवण्याच्या यादीत माझं नाव आलं. अकरा वर्षं पाचवी ते सातवीच्या मुलांना लसावि-मसावि शिकवणारी मी भोर तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीची बाई झाले. पट बावीस. तिसरी-चौथी सरांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. दुसरीत मुलं सात, चार मुली आणि तीन मुलगे.

खरं सांगते, मी घाबरले होते. सातवीतल्या मुलाला कळलं नाही तर तो निदान तसं तोंडावर दाखवतो. सात वर्षांचं मूल तुमच्याकडे बघून गोड हसतं, मान डोलावतं आणि पेन्सिलीला टोक करायला निघून जातं. वर्षभरात अक्षरओळख, वाचन, बेरीज-वजाबाकी सगळं झालं, पण निम्मे आणि दुप्पट या दोन गोष्टींनी जेवढं दमवलं तेवढं कशानेच नाही. यंदा माझ्यासारख्याच खालच्या वर्गांवर आलेल्या दोन मैत्रिणींचे फोन आले. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवते. तारखा टाचणवहीतून, म्हणजे रोजच्या पाठांच्या नोंदवहीतून घेतल्यात. मुलांची नावं मुद्दाम देत नाही.

शाळा १५ जूनला उघडली, शनिवारी. प्रवेशोत्सव, पुस्तकवाटप, गणवेशाची मापं यात पहिले दोन आठवडे गेले. ८ जुलैला मी पिशवीभर चिंचोके घेऊन वर्गात गेले. माझ्या लहानपणी आम्ही ‘एकी का बेकी’ खेळायचो. मुठीत चिंचोके घ्यायचे, समोरच्याने ओळखायचं, मग मूठ उघडून दोन-दोन बाजूला काढत मोजायचं. सम-विषम शिकवायला याहून सोपं काय असणार! मी मूठ पुढे केली आणि विचारलं, “एकी का बेकी?” सातही जणं फिसकन हसली. एक जण उठून उभा राहिला आणि करंगळी दाखवून म्हणाला, “बाई, मला एकी.” शाळेत त्या शब्दाचा अर्थ काय होतो हे अकरा वर्षं वरच्या वर्गात राहून मी विसरले होते. मग शब्द बदलले, ‘जोडी’ आणि ‘एकटा’. पुढे दोन आठवडे आम्ही सम-विषम हे शब्द वापरलेच नाहीत, आणि त्याने काही बिघडलं नाही.

चिंचोक्यांबद्दल एक सूचना. पहिलीची मुलं त्याच खोलीत बसत असतील तर चिंचोके त्यांच्या हाती लागू देऊ नका. एकाने नाकात घातला. शिंक आल्यावर निघाला, पण तोवर माझ्या हातापायांतलं बळ गेलं होतं. तेव्हापासून पहिलीला बाटल्यांची झाकणं, दुसरीला चिंचोके, आणि सुट्टी व्हायच्या आत मोजून परत पिशवीत.

जोड्या लावायला वर्ग स्वतःच कामाला आला. सात मुलं, तीन जोड्या, एक उरणार. उरायची ती बहुतेक वेळा लांब वेणीवाली. ती हळू उठायची, तोवर बाकीच्यांनी एकमेकांचे हात धरलेले असायचे. मग ती माझ्याशी जोडी लावायची आणि मी मोजणीत धरायची की नाही यावर वाद व्हायचा. “बाई धरल्या तर आठ, नाही धरल्या तर सात.” सम-विषम त्यांना कळलं ते या भांडणातून.

२२ जुलैला मी निम्मे घेतलं. सहा चिंचोके दोघांत वाटले, तीन-तीन. आठ वाटले, चार-चार. सात वाटायला दिले. तीन-तीन झाले आणि एक उरला. “मग सातचं निम्मं होतं का?” “नाही!” आणि मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : विषम संख्येचं निम्मं होत नाही. मुलांनी वहीत उतरवलं, चालीवर म्हटलं. टाचणवहीत मी त्या दिवशी ‘उद्दिष्ट साध्य’ असं लिहिलंय. आता ते वाचताना लाज वाटते. त्या एका वाक्याने माझं जवळजवळ निम्मं वर्ष खाल्लं.

पहिला इशारा त्याच आठवड्यात मिळाला होता, मी तो हसण्यावारी नेला. उदाहरण दिलं, “एका घरात सात कोंबड्या. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. प्रत्येकाला किती?” मला उत्तर हवं होतं तीन-तीन, एक उरली. ज्याच्या घरी खरोखर कोंबड्या आहेत तो ताडकन म्हणाला, “साडेतीन.” मी म्हटलं, “अर्धी कोंबडी कशी देणार?” तो म्हणाला, “रविवारी कापायची की.” सगळे हसले, मीही हसले, आणि पुढच्या उदाहरणाकडे गेले. पोराने गणित बरोबर सोडवलं होतं. चूक माझी होती. मी कशाची वाटणी हे बघितलंच नव्हतं.

ऑगस्टमध्ये दुप्पट सुरू केली. इथे मला एक फार स्वस्त साधन सापडलं, ते कुणीही वापरावं. अंड्यांचा तीसचा पुठ्ठ्याचा ट्रे असतो ना, सहा गुणिले पाचचा? तो कात्रीने दोन-दोन ओळींत कापायचा. एका ट्रेमधून दहा खळग्यांचे तीन तुकडे निघतात, प्रत्येकी पाचच्या दोन ओळी. किराणा दुकानदार असे ट्रे फेकूनच देतो. त्याने सुरुवातीला चार दिले, नंतर तो माझी वाट बघायला लागला. या तुकड्यात सात चिंचोके जोडीजोडीने ठेवले की तीन जोड्या भरतात आणि सातवा एका बाजूला एकटा बसतो. आता दुसऱ्या मुलाचा सातचा तुकडा उलटा फिरवून शेजारी आणा. इकडचा एकटा आणि तिकडचा एकटा समोरासमोर येतात. लांब वेणीवाली तेव्हा म्हणाली, “दोन एकटे भेटले की जोडी झाली.”

मला अंगावर काटा आला. बीजगणितात सातवी-आठवीला जे दोन ओळींत लिहून दाखवतो, ते हेच. मी वर्गाला पैज लावली. ज्याची दुप्पट केल्यावर एकटा उरेल असा आकडा आणा, नवी पेन्सिल देईन. दहा दिवस चालली पैज. एक जण ताईला विचारून नव्याण्णव घेऊन आला. दुपारची सुट्टी त्याच्या चिंचोक्यांतच गेली, कारण एकशे अठ्ठ्याण्णव मोजताना तो तीनदा चुकला. पेन्सिल कुणालाच मिळाली नाही. दहाव्या दिवशी त्यांनीच जाहीर केलं की असा आकडा नसतोच, आणि बाई फसवतात.

तोंडी दुप्पट वीसपर्यंत महिनाभरात बसली. पुढे सत्तावीसची दुप्पट आली ४१४. दोनची दुप्पट चार, सातची दुप्पट चौदा, शेजारी शेजारी लिहून मोकळे. सातपैकी चौघांचं हेच उत्तर. त्यावर ओरडण्यात अर्थ नाही, कारण अंकांची दुप्पट त्यांनी बरोबर केली होती. त्यांना फक्त दोन म्हणजे वीस हे दिसत नव्हतं. मणी-माळा हव्या होत्या.

शाळेत आधीची गणितपेटी होती, पण मण्यांच्या माळा उंदरांनी दोरा कुरतडून सोडवून ठेवल्या होत्या. संयुक्त शाळा अनुदान आमच्यासारख्या तीसच्या आतल्या पटाला वर्षाचं १० हजार. वीजबिल, खडू, फिनेल, नळाची तोटी, पावसाळ्यात उडालेला पत्रा. मण्यांसाठी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवला, सगळ्यांनी हो म्हटलं, ठरावही लिहिला. २८ सप्टेंबरला शनिवारची सकाळची शाळा करून एसटीने पुण्याला गेले, रविवार पेठेत बोहरी आळीत. दोन रंगांचे प्लॅस्टिकचे टपोरे मणी २०० रुपये, नायलॉनची दोरी ४५, खेळण्यातल्या नोटा ४०. एकूण २८५. घाईत साध्या कागदावरची चिठ्ठी घेतली. कॅशबुकला शाळेच्या नावाचं पक्कं बिल लागतं, चिठ्ठी चालत नाही. ते २८५ रुपये माझ्याच खिशातून गेले. तुम्ही जाल तेव्हा दुकानात शिरतानाच शाळेचं नाव लिहिलेला कागद पुढे करा.

दुसरी चूक पहिल्या रात्रीच झाली. दहा-दहा मण्यांच्या माळा ओवल्या त्या एकेका रंगाच्या. काही लाल, काही पांढऱ्या. दिसायला छान, पण दहाचं निम्मं कुठे हे बघायला मुलं दर वेळी एकापासून मोजायची. आठवडाभराने सगळ्या सोडून परत ओवल्या, पाच लाल आणि पाच पांढरे. रंग बदलतो तिथे मधोमध. हे आधीच सुचलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या.

माळांनी दुप्पट सुटली. दोन माळा सात मणी, परत दोन माळा सात मणी. चार माळा आणि चौदा सुटे, त्यातल्या दहांची माळ, पाच माळा चार. चोपन्न. चार दिवसांत ४१४ गायब झालं. मला वाटलं आता निम्मंही असंच सुटेल.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छत्तीसचं निम्मं विचारलं. तीन प्रकारची उत्तरं आली. एकीचं १३, तीनचं निम्मं एक, उरलेला सोडून दिला, सहाचं तीन. एकाचं ३१५. तो मला बराच वेळ कळेना. मग त्याला मोठ्याने सांगायला लावलं. त्याने कानाला ऐकू येतं तसं केलं होतं. छत्तीस म्हणजे आधी सहा, त्याचं निम्मं तीन, मग तीस, त्याचं निम्मं पंधरा. तीन आणि पंधरा, तीनशे पंधरा! आपल्या भाषेत एकक आधी बोलतात आणि लिहितात नंतर, त्याचा हा फटका.

इथे थोडं विषयांतर करते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांना किती ऐकून घ्यावं लागलं. तेव्हा वरच्या वर्गाला शिकवणारी मीही स्टाफरूममध्ये बसून ‘आता त्रेपन्नला पन्नास तीन म्हणायचं का’ अशी थट्टा केली होती. निम्मे शिकवताना मला तेच उपयोगी पडलं. छत्तीस म्हणायचं, पण वाटणी करताना ‘तीस सहा’ असं मोडून म्हणायचं. तीसचं पंधरा, सहाचं तीन, पंधरा आणि तीन अठरा. ३१५ वाला दोन दिवसांत रुळावर आला. अठ्ठावन्न, त्रेसष्ट, एकोणऐंशी हे शब्द मला प्रिय आहेत आणि ते गेलेले मला नको आहेत. पण सात वर्षांच्या मुलाला दोन्ही वाटा उघड्या असाव्यात, एवढं आता माझं ठाम मत आहे.

खरी अडचण मात्र तिसऱ्या उत्तराची होती. तिघांनी लिहिलं होतं ‘होत नाही’. विचारलं तर म्हणाले, “तीन आहे ना बाई पुढे. तीन विषम.” छत्तीसचा विषय सोडून मी सत्तर विचारलं. “होत नाही. सात विषम.” पन्नास? “होत नाही.” आणि कोंबडीवाल्याने वही उघडून २२ जुलैचं पान दाखवलं. माझंच वाक्य, चौकटीत.

मी पाणी प्यायला बाहेर गेले. परत येऊन त्याला विचारलं, “तुझी आई बाजारला एसटीने जाते ना? बायकांना तिकीट किती?” “हाफ.” मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, हे आमच्याकडच्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. “समज फुल तिकीट सत्तर रुपये. आई किती देईल?” “पस्तीस.” क्षणाचाही विचार नाही. “अरे, मग आत्ता तर म्हणालास सत्तरचं निम्मं होत नाही.” तो माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाला, “ते तिकिटाचं आहे बाई. हे गणितातलं.”

त्या रात्री झोप लागली नाही. दोन महिने मेहनत करून मी मुलांच्या डोक्यात जे होतं ते गणिताच्या बाहेर हाकलून दिलं होतं.

लगेच दुरुस्त करायचं होतं, पण सत्र परीक्षा आली, मग दिवाळीची सुट्टी, मग विधानसभेची निवडणूक. दोन प्रशिक्षणं, १९ नोव्हेंबरला साहित्य ताब्यात घेऊन केंद्रावर मुक्काम, २० ला मतदान, रात्री उशिरा साहित्य जमा. या काळात वर्ग सलग असा चाललाच नाही. २५ नोव्हेंबरला निम्मे विचारलं तर वीसच्या आतलंही अर्ध्यांना आठवत नव्हतं. नवीन शिक्षकांनी हे गृहीतच धरावं. दिवाळीनंतर आठवडाभर मागचं घ्यावं लागतं, त्यात आपलं काही चुकलंय असं नसतं.

२ डिसेंबरला मी फळ्यावर ते वाक्य परत लिहिलं आणि मुलांसमोर पुसलं. म्हटलं, हे बाईंचं चुकलं होतं. त्यांना फार आनंद झाला. एकाने वहीतल्या त्या पानावर लाल पेनाने फुली मारून खाली माझी सही मागितली. दिली.

मग आम्ही ‘कापता येतं’ आणि ‘कापता येत नाही’ असे दोन ढीग केले. भाकरी, पेरू, दोरी, दूध, शेत, तास हे कापता येणारे. गोटी, चप्पल, बैल, मूल, अंडं हे न येणारे. अंड्यावरून भांडण झालं, कारण उकडलेलं कापता येतं. कोंबडीवरून अर्थातच झालं. रुपयाही मजेशीर निघाला. आजीच्या काळी आठ आणे होते, आता या मुलांनी पन्नास पैशांचं नाणं पाहिलेलंच नाही, म्हणून त्यांच्या हिशोबी रुपया कापता येत नाही. दुकानदार त्याऐवजी गोळी देतो. दहाची नोट मात्र ‘मोडता’ येते, पाचची दोन नाणी होतात. इथे सगळं उलगडलं. छत्तीस रुपये दोघांत वाटायचे. दहा-दहाच्या तीन नोटा, एक तुला, एक मला, तिसरी दुकानात मोडून आणली, पाच तुला, पाच मला. सुटे सहा, तीन-तीन. अठरा-अठरा. ‘मोड’ हा शब्द त्यांना दुकानामुळे माहीतच होता, मी तो जुलैतच वर्गात आणायला हवा होता. माळेचंही तसंच. एक मुलगी तिसरी माळ कात्रीने कापायला निघाली आणि मणी खोलीभर उधळले. त्यानंतर चार माळा पाच-पाचच्या करून सुरगाठीने जोडल्या. एकटी दशकमाळ उरली की गाठ ओढायची.

आता सातच्या भाकरी. इथे मला शिकवावंच लागलं नाही. साडेतीन. नऊचं साडेचार. अकराचं साडेपाच. तीनचं? “साडेएक.” पाचचं? “साडेदोन.” बरोबरच की! नियम त्यांनी चोख लावला होता, भाषा आडवी आली. मी घड्याळ काढलं. साडेबारानंतर तासाने किती वाजतात? “दीड. मधली सुट्टी.” मग? “अडीच.” मग? “साडेतीन.” म्हणजे साडेएकचं नाव दीड, साडेदोनचं नाव अडीच. एक जण म्हणाला, “ही दोघं लाडाची आहेत.” तेव्हापासून आमच्या वर्गात दीड आणि अडीच हे लाडाचे आकडे.

समितीच्या एका सदस्याचे वडील ऐंशीच्या पुढचे आहेत. शाळेशेजारी अंगणात बसतात. आमचं खिडकीतून ऐकून एक दिवस त्यांनी तिथूनच निमकी, म्हणजे अर्ध्याचा जुना पाढा, म्हणायला सुरुवात केली, “एकं निम, बे निमं एक, तीन निमं दीड, चार निमं दोन, पाच निमं अडीच…” मी त्यांना वर्गात बोलावलं. त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊणचे पाढे म्हणून दाखवले, मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. म्हणाले, चुकलं की गुरुजी हातावर छडी द्यायचे. तीन निमं दीड का होतं असं मी विचारलं तर म्हणाले, “का कसलं? असतंच ते.” जुन्या पाढ्यांचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही ऐकावं. तरी दहापर्यंतची निमकी आम्ही परिपाठात घेतली, आणि ती घेतल्याचा फायदा झाला. समजल्यावर पाठ केलं की जिभेवर राहतं.

९ डिसेंबरला वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबातली एक मुलगी दुसरीत आली. तिच्याकडे आधीच्या शाळेचं, कामासाठी गाव बदलणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांना देतात ते शिक्षण हमी कार्ड होतं, त्यामुळे दाखल्यासाठी अडलं नाही. भट्टीवर मुकादमाच्या हाताखाली तिची आई विटा मोजते. ही पोर विटा जोडीने मोजायची, दोन, चार, सहा, थेट शंभरपर्यंत, न अडखळता. बेरीज लिहिता येत नव्हती. वर्ग आठाचा झाला. पहिल्याच दिवशी जोड्या लावताना लांब वेणीवालीने उठून तिचा हात धरला. त्या दिवशी एरवी हळू उठणारी ती सगळ्यांत आधी उठली होती.

जानेवारीत संक्रांतीनंतर शाळाभेट झाली. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाचं उद्दिष्ट आहे की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि गणित यावं, त्यामुळे खालच्या वर्गांकडे अलीकडे बारीक लक्ष असतं. पाहुण्यांनी कोंबडीवाल्याला उभं केलं आणि विचारलं, “पंधराचं निम्मं किती?” तो गप्प. माझ्या पोटात गोळा. मग त्याने शांतपणे विचारलं, “कशाचे पंधरा?” साहेब गोंधळले. “म्हणजे?” “भाकरी असतील तर साडेसात. गोट्या असतील तर सात-सात आणि एक उरली.” कोंबड्यांचा उल्लेख त्याने केला नाही, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. शेरेबुकात ओळ आली, ‘विद्यार्थी प्रतिप्रश्न विचारतात.’ हे कौतुक होतं की ताकीद, सरांना आणि मला अजून ठरवता आलेलं नाही.

फेब्रुवारीत सर आठवडाभर प्रशिक्षणाला गेले आणि चारही वर्ग माझ्याकडे आले. चौथीला गुंतवायला मी एक जुनी रीत काढली. इजिप्तमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पपायरसवर अशीच नुसत्या दुपटींनी गुणाकाराची रीत आहे. तेरा सक किती? तेराचं निम्मं करत खाली या, उरलेला एक सोडून द्या : १३, ६, ३, १. शेजारी सहाची दुप्पट करत जा : ६, १२, २४, ४८. आता डावीकडे जिथे विषम आहे त्याच ओळींतले उजवीकडचे आकडे मिळवा. ६, २४, ४८. अठ्ठ्याहत्तर. चौथीची मुलं थक्क झाली. पण दुसरीतून ३१५ वाल्याने मान वर करून विचारलं, “सोडून दिलेला एक कुठे गेला?” मी सांगितलं, तो तेराच्या ओळीत थांबलाय, म्हणून ती ओळ घ्यायची. त्याला किती कळलं देव जाणे. ‘मग ठीक आहे’ म्हणून तो चित्र रंगवायला लागला.

वर्षअखेरचा हिशोब जसा आहे तसा देते. आठांपैकी पाच जणांना शंभरच्या आतल्या कुठल्याही संख्येचं निम्मं आणि पन्नासपर्यंतची दुप्पट तोंडी येते. बावन्न, छप्पन्न, अठ्ठ्याण्णव इथे ती बोटं मोडत ‘पन्नास दोन’ म्हणतात, मग उत्तर देतात. दोघांना माळा लागतात. एकाला वीसच्या पुढे अजून जमत नाही. त्याची हजेरीही निम्मीच आहे, आई आजारी असते. त्याच्यासाठी मला काही वेगळं सुचलेलं नाही. ट्रेचा एक तुकडा आणि वीस चिंचोके त्याच्या दप्तरात दिलेत, घरी तो बहिणीशी एकी-बेकी खेळतो म्हणे.

१ मेला निकालपत्रकं दिली. वीटभट्टीवरची मुलगी त्याआधीच गावी गेली होती. तिचं हमी कार्ड भरून आईच्या हाती दिलं, त्यात शेऱ्याच्या जागेत ‘जोडीने मोजते, शंभरपर्यंत’ असं लिहिलं, पुढच्या बाईंना उपयोगी पडेल म्हणून. माळा यंदा पत्र्याच्या डब्यात ठेवल्यात, उंदीर लागू नयेत. पुठ्ठ्याचे ट्रे मात्र पावसात मऊ पडून गेले. दुकानदाराला सांगून ठेवलंय, तो नवे चार बाजूला काढतोय.